वहिनी, मी आणि पलीकडचं युद्ध

हे आधीच सांगून टाकते, की माझं मत बदललेलं नाही. पलीकडच्या देशात आपण जे युद्ध लढलो ते लढायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. माझ्या वहिनीचंही मत बदललेलं नाही. तिला ते पाप वाटत होतं आणि आजही वाटतं. गोष्टीच्या शेवटी कुणाचं तरी मनःपरिवर्तन झालेलं ज्यांना आवडतं, त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

आमची लाँड्री आहे. माझा दादा, वहिनी आणि मी असे तिघं मिळून ती चालवतो. खाली मशीन आणि बॉयलर, वर राहायच्या खोल्या. माझं लग्न झालं नाही, आणि त्याबद्दल ज्यांना वाईट वाटतं त्यांनी माझा स्वभाव जवळून पाहिलेला नाही. दादा-वहिनीला एकच मुलगा, निळ्या. खरं नाव वेगळं आहे, पण रांगत्या वयात तो नीळ कालवलेल्या टबात पडला आणि पुढे बरेच दिवस निळाच्या निळा फिरत होता. तेव्हापासून त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही, शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा नाही. तो वाढला तो निम्मा त्याच्या आईच्या मांडीवर आणि निम्मा माझ्या.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे दोन हॉटेलं, एक वसतिगृह आणि शहराच्या टोकाचं लष्करी हॉस्पिटल. इतके कपडे एकत्र धुवायचे तर कुणाचं काय ते ओळखू यायला हवं, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला ठरलेल्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका असतो. हॉटेलांचा लाल आणि हिरवा, हॉस्पिटलचा काळा. घरच्या कपड्यांना पिवळा, तोही दुहेरी, कॉलरच्या आत. ही खबरदारी आम्ही फार उशिरा शिकलो. एकदा दादाची पँट हॉटेलच्या कपड्यांत गेली आणि दोन दिवसांनी एक पाहुणा ती घालून आमच्यासमोरून शीळ वाजवत गेला. दादाने त्याला हटकलं नाही. म्हणाला, त्याला बरी बसते. दादा हा असा आहे.

आता युद्धाचं. डोंगरापलीकडचा हुकूमशहा आपल्याच देशातल्या एका खोऱ्यातल्या माणसांच्या मुळावर उठला होता. गावंच्या गावं रिकामी करत होता. सीमेवरच्या नदीच्या पुलावरून माणसं अलीकडे यायची, डोक्यावर खुर्च्या, काखेत पोरं. आपल्या सरकारने शेवटी सैन्य पाठवलं. कुणाला विचारलं नाही, सभागृहात चर्चा नाही, आणि आदल्या वर्षापर्यंत त्याच माणसाला बंदुका आपणच विकत होतो. हे सगळं मला माहीत होतं, वहिनीने मला ते सांगायची गरज नव्हती. ती रोज सांगायची ते सोडा.

जेवायला बसलो की आमचं सुरू व्हायचं. मी म्हणायचे, शेजारच्या घरात बाईला मारतायत, दार आतून बंद आहे, तिच्या किंकाळ्या ऐकू येतायत. तू काय करशील, त्यांचा घरचा मामला म्हणून कानात बोळे घालशील? वहिनी म्हणायची, दार तोडायला तू रणगाडा आणलास तर आधी भिंत पडेल, आणि ती बाई त्या भिंतीलाच टेकून उभी आहे. मी म्हणायचे, मग नुसतं ऐकत बसायचं? ती म्हणायची, रोगापेक्षा औषध भयंकर असेल तर निदान औषध देणाऱ्याने स्वतःला वैद्य म्हणवून घेऊ नये. आपल्या विमानांनी पलीकडच्या एका बाजारात पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर बॉम्ब टाकले, त्या दिवशी ती जेवली नाही. मी सुक्याबरोबर ओलंही जळतं असं काहीतरी म्हणाले, आणि म्हणताक्षणी ते मलाच लागलं. पण मी मागे घेतलं नाही. त्या खोऱ्यात त्याआधी तीन वर्षं फक्त ओलंच जळत होतं, आणि तेव्हा कुणी उपाशी राहिलं नव्हतं.

दादा मधे बसून दोघींना सांगायचा, तुझंही बरोबर आहे. सगळा जन्म तळ्यात-मळ्यात.

निळ्या ऐकत बसायचा. त्याला हसू आलं की उचकी लागते, लहानपणापासून, आणि आमच्या भांडणात त्याला हमखास हसू यायचं. उचक्या देत देत तो आईला म्हणायचा पुढचा मुद्दा घे, मला म्हणायचा आत्या, सोडू नकोस. एका सकाळी तो इस्त्रीच्या गरम रुळावर चादरी घालत होता, आणि मागे वळून न बघता त्याने सांगितलं, की काल जाऊन सैन्यात नाव घातलं. वहिनीने विचारलं, का. तो म्हणाला, "आत्या म्हणते ते खरं असेल, तर कुणीतरी जायला पाहिजे ना."

तोवर मी उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि आमचंच कोकरू उठून चालायला लागलं होतं. पण त्याला थांब म्हणू तरी कशी? दुसऱ्यांची मुलं गेली तर न्याय, आपलं गेलं तर अन्याय, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. वहिनीने त्याच्या बॅगेत दोन फ्लॅनेलचे शर्ट भरले, गणवेशाच्या आत घालायला, आणि सैन्यातले कपडे कुठे कुणाचे कळतात म्हणून दोन्ही शर्टांना कॉलरमध्ये घरचा पिवळा दुहेरी टाका घातला.

तो गेला त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू बोललीस आणि तो गेला. आता माझ्याशी बोलू नकोस."

ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई आहे. पण लाँड्रीत मोठ्या चादरींच्या घड्या एकटीला घालता येत नाहीत. दोघींनी समोरासमोर उभं राहून चार कोपरे धरायचे, ताणायचे, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. त्यामुळे आमच्यात तीन शब्द उरले: धर, ओढ, सोड. दिवसातून कितीतरी वेळा आम्ही एकमेकींच्या नाकासमोर नाक येईपर्यंत चालत यायचो आणि "सोड" म्हणून मागे फिरायचो. दादा बॉयलरपाशी बसून हे बघायचा. त्याने एकदा मला विचारलं, की तू माफी का मागत नाहीस. मी म्हटलं, कशाची? मला जे खरं वाटतं ते मी जेवताना बोलले. त्याने मान हलवली आणि म्हणाला, तुझंही बरोबर आहे.

निळ्याचा सुरुवातीला एकदा फोन आला होता, छावणीतून. नंतर सैन्य नदी ओलांडून आत गेलं आणि फोन बंद झाले. वहिनी शनिवारी चौकात युद्धाच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या बायकांमध्ये जाऊन उभी राहू लागली. मी रेडिओ ऐकू लागले. शेवटी एकदाची बातमी आली, की तोफा थांबल्या, बोलणी सुरू झाली. आम्ही दोघींनी ती एकाच खोलीत ऐकली आणि दोन वेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघितलं.

त्यानंतरच्या मंगळवारी हॉस्पिटलच्या पिशव्या आल्या. सकाळची वेळ होती, मी पिशवी उलटी करून चादरी, उशांचे अभ्रे, पट्ट्या असे ढीग लावत होते. मधेच करड्या फ्लॅनेलचा एक गोळा हाताला लागला. उलगडला तर शर्ट होता. पुढून गळ्यापासून खालपर्यंत कात्रीने सरळ कापलेला, जखमी माणसाच्या अंगावरून कपडा काढतात तसा. एक बाही आणि छाती रक्त वाळून कडक झालेली. मी सवयीने कॉलर उलटी केली, काळा टाका आहे का बघायला.

पिवळा होता. दुहेरी.

मला वाटतं माणसाला त्या क्षणी ओरडता यायला हवं. मी शर्ट थंड पाण्याच्या टबात टाकला. रक्ताचा कपडा थंड पाण्यात टाकायचा, गरम पाण्याने डाग पक्का होतो, एवढी एकच गोष्ट तेव्हा डोक्यात होती. पाणी तांबूस व्हायला लागलं आणि मी ते बघत उभी राहिले. वहिनीला कसं सांगायचं? ज्या तोंडाने दार तोडायच्या गोष्टी सांगितल्या, त्याच तोंडाने? मनात आलं, की हा धुऊन, वाळवून, शिवून ठेवावा आणि आधी एकटीने जाऊन बघून यावं. तेवढ्यात मागून वहिनी आली. हॉस्पिटलच्या चादरी थंड टबात कशाला, म्हणून बघायला आली असणार. तिने पाण्यात हात घातला, शर्ट वर काढला आणि कॉलर बघितली.

"चपला घाल," ती म्हणाली. आठ महिन्यांत मला मिळालेला हा चौथा शब्द.

दादाला सांगावंच लागलं. तो बॉयलरपाशी उभा होता आणि उभाच राहिला. पेटलेला बॉयलर सोडून कुणालाही जाता येत नाही, हा नियम आमच्या वडिलांपासूनचा. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

बस येईना म्हणून आम्ही चालत निघालो. वहिनीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात ओला शर्ट. रस्त्यावर दुकानं उघडत होती, एक माणूस शांतपणे आपल्या दुकानाची काच पुसत होता, आणि मला त्याचा भयंकर राग आला. मी मनातल्या मनात माझे सगळे मुद्दे आठवायचा प्रयत्न करत होते, पुलावरून आलेली माणसं, खुर्च्या, पोरं. मुद्दे खरे होते. पण त्यांतला एकही त्या पिशवीपेक्षा जड होईना. वहिनी मधेच थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काही झालं असेल तर तू मला समजावू नकोस. एवढंच कर." मी हो म्हटलं. मला आयुष्यात इतक्या लवकर कधी हो म्हणता आलेलं नाही.

हॉस्पिटलच्या चौकशीपाशी बसलेल्या माणसाने संगणकात बघून सांगितलं, की या नावाचा कुणी पेशंट नाही. वहिनीने पिशवीतून शर्ट काढून त्याच्या टेबलावर ठेवला. त्याचे कागद भिजले. तो चिडला, मग त्याने शर्ट नीट बघितला. त्याने पुन्हा शोधलं, पुन्हा नाव नव्हतं. वहिनी त्याला सांगू लागली, की तुमची यादी चुकली असेल, हा टाका मी घातलाय, टाका चुकत नाही. मला आता कळतं की हा मूर्खपणा होता. कपड्यावर माणूस ओळखायची आमची जन्माची सवय, त्यामुळे जिथं शर्ट तिथं निळ्या असणारच, याबद्दल आम्हा दोघींच्याही मनात शंका नव्हती. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, अहो, कपडे हात बदलतात. शीळ घालत गेलेला तो पाहुणा आम्ही स्वतः बघितला होता, तरी आम्हाला ते सुचलं नाही. मी त्या माणसावर आवाज चढवला. तो आवाज ऐकून आतून एक सिस्टर आली. आमच्या पिशव्या तीच मोजून देते, त्यामुळे तोंडओळख होती. तिने शर्ट हातात घेतला, कापलेली कड बघितली आणि तो वहिनीला परत दिला.

तिने सांगितलं, की हा शर्ट ज्याच्या अंगावर होता तो माणूस मागच्या वॉर्डात आहे. जिवंत आहे. डोक्याला आणि तोंडाला मार आहे, पट्ट्या बांधल्या आहेत, पण धोका टळलाय. वहिनीचा श्वास माझ्या कानापर्यंत आला. आम्ही सिस्टरच्या मागे जवळजवळ पळतच निघालो.

शेवटच्या खाटेवर तो होता. सगळं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत, एक डोळा आणि ओठ तेवढे मोकळे, चादर गळ्यापर्यंत. डोळा मिटलेला. वहिनी खाली बसली, चादरीखालून त्याचा हात बाहेर काढला, आणि तो दोन्ही हातांत धरून बघत राहिली. मीही बघितला. जाड, भेगाळलेला हात होता, मनगटावर पांढरे केस.

"हा नाही," वहिनी म्हणाली.

जीव भांड्यात पडला असं म्हणतात. माझा पडला, आणि पडल्या पडल्या कुणीतरी भांडंच उलटं केलं. हा नाही, तर मग शर्ट याच्याकडे कसा? आणि ज्याच्याकडून आला तो कुठे आहे? वहिनीच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं. तेवढ्यात त्या माणसाचा डोळा उघडला. त्याने वहिनीला बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या पिशवीतून डोकावणारा शर्ट बघितला, आणि आमच्या भाषेत, जरा अडखळत, पण स्पष्ट म्हणाला, "कापला ना शेवटी. मी त्यांना सांगितलं होतं कापू नका. मुलाने परत द्यायला सांगितलाय."

तो पलीकडचा गवंडी होता. तरुणपणी आपल्याकडे कामाला होता, भाषा तेव्हाची. त्याने सांगितलं ते थांबत थांबत, आणि वहिनीने त्याचा हात एकदाही सोडला नाही. त्याच्या गावावर तोफांचे गोळे पडले. आपल्या तोफांचे. हुकूमशहाची माणसं गावात दडून बसली होती, त्यांच्यासाठी टाकलेले. घर कोसळलं, तो खाली सापडला. दुसऱ्या दिवशी आपलेच सैनिक गावात शिरले. त्यातल्या एका पोराने त्याला हातांनी उकरून बाहेर काढलं. गारठ्याने त्याचे दात वाजत होते, तेव्हा त्या पोराने गणवेश उतरवून आतला शर्ट काढला आणि त्याला घातला. मग ट्रकमधून पुलापर्यंत त्याच्याबरोबर आला. रस्ताभर गात होता.

"कसं गात होता?" वहिनीने विचारलं.

"फार वाईट," गवंडी म्हणाला. "मी सांगितलं त्याला तसं. तर हसला आणि उचक्या द्यायला लागला."

वहिनीने कपाळ खाटेच्या लोखंडी कडेला टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. रडत होतीच, पण हसतही होती. मी भिंतीला टेकून खाली बसले. पोरगं पुलापर्यंत धडधाकट आलं होतं. आणि पुलापाशी तर आपलाच देश सुरू होतो.

सिस्टर म्हणाली, की पुलापाशी प्रथमोपचाराचं ठाणं आहे, तिथं हॉस्पिटलची थेट लाइन आहे. तोफा थांबल्यापासून जखमींना घेऊन आलेली ती तुकडी तिथंच तळ ठोकून आहे. असं विचारता येत नाही खरं तर, पण ती विचारते. ती गेली. आम्ही थांबलो. गवंड्याने पाणी मागितलं, मी पाजलं. तो म्हणाला, की तुमच्या मुलाने तुम्हा दोघींबद्दल सांगितलंय. घरी एक आई आहे आणि एक आत्या, एक म्हणते जायला नको होतं, एक म्हणते जायला हवं होतं, आणि दोघींचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो. आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्या पोराला वाटत होतं, आम्ही अजून भांडतोय.

मग मला राहवलं नाही. दोन वर्षं मी ज्या माणसांच्या बाजूने भांडले, त्यांतला एक माझ्यासमोर पडलेला होता. माझ्या हातात त्याच्या पाण्याचा पेला होता. मी विचारलं, "आम्ही यायला हवं होतं की नको?"

मला वाटलं वहिनी मला अडवेल. तिने अडवलं नाही. तिनेही मान वर केली. तिलाही ऐकायचं होतं.

"माझ्या भावाला त्या लोकांनी नेलं," गवंडी म्हणाला. "परत आला नाही. तेव्हा मी रोज रस्त्याकडे बघत बसायचो, कुणीतरी येईल म्हणून. तुम्ही आलात, तेव्हा घर पडलं. माझी आई त्याच्याखाली राहिली. भावाला विचारलं असतं तर म्हणाला असता, या. आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, नका येऊ. मी दोघांचाही आहे. मला दुसरं काहीतरी विचारा."

मी पेला खाली ठेवला. वहिनीच्या बाजूने उत्तर मिळालं असतं तरी तिला ते आनंदाने घेता आलं नसतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि माझ्या बाजूने मिळालं असतं तर मलाही. मग वहिनीने त्याला दुसरं काहीतरी विचारलं. तुम्ही जेवताय का नीट? तो म्हणाला, इथला रस्सा पांचट असतो. त्यावर त्यांचं बराच वेळ बोलणं झालं.

सिस्टरने दारातून बोलावलं. तिच्या टेबलावरचा फोन वहिनीने घेतला, आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर ती त्याला रागवायलाच लागली. थंडीत अंगातला शर्ट काढून देतोस, मग तू काय घातलंस, दुसरा कुठे आहे, तोही दिला असशील. पलीकडून उचकी ऐकू आली, मला लांबून ऐकू आली. वहिनीचे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र दरडावणीचाच होता. लाइन जास्त वेळ धरता येत नव्हती, तरी तिने शेवटी फोन माझ्या कानाला लावला. निळ्या म्हणाला, "आत्या, महिनाअखेर येतोय. आलो की आपण बोलू." त्याचा आवाज मोठ्या माणसाचा झाला होता. काय बोलायचंय त्याला, ते मला थोडंफार कळलं. तो कदाचित येऊन मला सांगेल, की तू चुकलीस. पण तेव्हा मला त्याची जराही भीती वाटली नाही. जिवंत माणसाने येऊन मला हवं ते बोलावं, मी ऐकून घेईन.

आम्ही बाहेर पडलो. ऊन छान पडलं होतं. सकाळचा तो काच पुसणारा माणूस आता दारात उभा होता आणि मला तो फारच सज्जन वाटला. मग वहिनी म्हणाली, की आईचा काय दोष होता त्याच्या? मी म्हटलं, भावाचा तरी काय दोष होता? ती म्हणाली, भावाला त्यांनी मारलं, आईला आपण, दोन्हीत फरक नाही का? मी म्हटलं, आहे, म्हणूनच तर आपलं पोर तिथं हातांनी माती उकरत होतं, त्यांचं कुणी उकरत होतं का? ती म्हणाली, आधी गाडायचं आणि मग उकरायचं, याला तू उपकार म्हणतेस? आवाज चढले. माझा चढला, म्हणून तिचा चढला, आणि तिचा चढला म्हणून मला इतकं हायसं वाटलं की मी आणखी चढवला. लोक वळून बघत होते. वहिनी रस्त्याच्या मधोमध थांबून हातवारे करत होती. आठ महिन्यांचं सगळं साचलेलं होतं तिच्याकडे, रणगाडा, भिंत, पावाची रांग, एकेक मुद्दा घासूनपुसून ठेवलेला. आणि मी म्हणत होते, माझं वाक्य तर पुरं होऊ दे.

तेवढ्यात समोरून दादा येताना दिसला. धावत होता. मी त्याला लहानपणानंतर धावताना बघितलेलं नव्हतं. अंगात कामाचाच शर्ट, हात काळे. पेटता बॉयलर विझवून, दार उघडं टाकून आला होता. आमच्यापासून थोड्या अंतरावर तो एकदम थांबला. आमच्या अजून लक्षातच आलं नव्हतं, की त्याला काही माहीत नाही. आम्ही त्याच्याकडे पळत जाऊन सांगायला हवं होतं. पण वहिनीचा हात अजून हवेत होता आणि माझं तोंड अजून उघडं.

दादा आमच्याकडे बघत राहिला. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे.

"तुम्ही भांडताय," तो म्हणाला. "म्हणजे तो आहे."

मग तो होता तिथंच, फुटपाथच्या कडेवर बसला आणि दोन्ही काळे हात तोंडावर घेऊन मोठ्याने रडला. येणारे-जाणारे थांबले. आम्ही जाऊन त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो. तो आहे, वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, चांगला आहे, महिनाअखेर येतोय. दादाचे हुंदके थांबले, त्याने बाहीने तोंड पुसलं आणि ते आणखी काळं करून घेतलं.

वहिनीने त्याच्या डोक्यावरून वाकून माझ्याकडे बघितलं. "हां," ती म्हणाली, "काय म्हणत होतीस तू? पुरं कर."